मांगरातली चौघांची बारी

रिया झोपली की मी व्हायोलिनच्या घोडीला कपडे वाळत घालायचा चिमटा लावायची. घोडी म्हणजे तारांच्या खाली उभी असते ती लाकडी पट्टी. तिला चिमटा लावला की आवाज घशातल्या घशात राहतो. गज फिरतो, बोटं आपल्या जागी पडतात, पण शेजारच्या खोलीत निजलेल्या पोरीची पापणीसुद्धा हलत नाही. दुपारी दोन ते साडेतीन हा माझा रियाज. तीन वर्षं मी अशीच वाजवत होते, त्याआधीची दोन वर्षं घरी व्हायोलिन बाहेरच काढलं नव्हतं, आणि लग्न होऊन पाच वर्षं झाली तरी ज्या घरात मी राहत होते त्या घराने माझं वाजवणं कधी ऐकलंच नव्हतं.

माझं माहेर वेंगुर्ल्याचं. आमच्या शेजारी लोबोसर राहायचे. चर्चमधल्या गाण्याला साथ करण्यासाठी ते मुलांना व्हायोलिन शिकवत. नवव्या वर्षी मी त्यांच्या पडवीत ऐकायला म्हणून जाऊन बसले, आणि त्यांनी न विचारताच माझ्या हातात एक लहान व्हायोलिन दिलं. पुढे आम्हा चौघांचं क्वार्टेट झालं. पहिलं व्हायोलिन कौस्तुभचं. तो ओरोसला सरकारी नोकरीत. दुसरं माझं. किशोरी कुडाळच्या शाळेत शिकवते. तिच्याकडे व्हायोला, म्हणजे व्हायोलिनचीच थोरली बहीण. आणि लोबोसरांकडे चेलो, जो गुडघ्यांमध्ये उभा धरून वाजवतात. एकाआड एक रविवारी आम्ही कुडाळला किशोरीच्या घरी जमायचो. रविवारी सुदेशचं, माझ्या नवऱ्याचं, होडीची इंजिनं दुरुस्त करायचं दुकान बंद असतं, त्यामुळे रिया त्याच्याजवळ राहायची.

दोन हजार सहाची दिवाळी सरली आणि पणजीहून लोबोसरांना पत्र आलं. फेब्रुवारीत तिथल्या एका सभागृहात आम्ही वाजवावं. सरांनी मला सरळ सांगितलं, आता रविवार पुरणार नाहीत. गुरुवार आणि शनिवार दुपार हवीच. नाहीतर त्यांना दुसऱ्या व्हायोलिनला दुसरं कुणी शोधावं लागेल. रागाने नाही म्हणाले. समुद्राला भरती किती वाजता आहे ते सांगावं, तसं सांगितलं.

रियाला मी एकदा बरोबर नेऊन पाहिलं होतं. तिने सरांच्या चेलोच्या पोटावर ज्या दोन भेगा असतात त्यांतून आत शेंगदाणे टाकले. सगळे निघाले, एक राहिला. सर अजून खालची जाड तार जोरात ओढतात तेव्हा तो आतून खुळखुळतो.

तेव्हा उरल्या आई. आई म्हणजे माझ्या सासूबाई, काशीबाई. सकाळी मालवणच्या बाजारात मासे विकायच्या, बारा वाजता घरी, आणि दुपारी पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, सुकत घातलेली सुंगटं, म्हणजे कोळंबी, नि बांगडे राखायच्या. दुपारी त्यांना पाठ टेकायला मिळत नाही. कावळे, कुत्री, मांजरं, आणि मध्येच मासळी पालटायची. त्यात तीन वर्षांची पोर गळ्यात घालायची म्हणजे काय, ते मला कळत होतं. तरी मी विचारलं. भाकरी थापता थापता विचारलं, म्हणजे एकमेकींच्या तोंडाकडे बघावं लागत नाही.

त्यांनी भाकरी उलटली आणि म्हणाल्या, "तू दुपारची ता कायता कुरकुरवतंस, ता मी आजून आयकूक नाय. आधी माका आयकव. चिमटो काढून."

मी म्हटलं, ऐकवते.

"एकट्यान नाय. चौघा मिळान वाजवतास मां? तशा आयकव. बरा वाटला तर चेडवाक मी बघतंय. नाय वाटला तर तुझ्या सरांका सांग दुसरा कोण तरी बघूक."

हे बोलणं मला कठोर वाटलं नाही. उलट हायसं वाटलं. आई बाजारात कालचा मासा आजचा म्हणून कधी विकत नाहीत. गिऱ्हाइकाने विचारलं तर सांगतात, कालचो आसा, होयो तर घे. अशा माणसाने बरं म्हटलं तर ते खरंच बरं असणार, आणि नाही म्हटलं तर तेही खरंच. मला आमच्या चौघांचा भरवसा होता.

ऐकवायला जागा मिळाली ती रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या, मांगरात. मांगर म्हणजे आमच्या वाडीची पुळणीवरची मोठी शाकारलेली खोप. तिथे रापणसंघाची होडी आणि जाळी ठेवतात. संघाची वर्षाची सत्यनारायणाची पूजा तिथेच होते. संघाचे अध्यक्ष दाजी. सुदेशने त्यांच्या कानावर घातलं आणि दाजी खूश झाले. रात्री दरवर्षीप्रमाणे डबलबारी भजन ठरलेलंच होतं, पण पूजेपासून रात्रीपर्यंत माणसं धरून ठेवायची कशी ही त्यांची जुनी काळजी होती. सुनेची वाद्यं चार वाजता ठेवली की झालं.

डबलबारी आमच्याकडे जिवापाड ऐकतात. दोन बुवा, दोघांचे दोन संच, एकाच मंचावर दोन बाजूंना. एकाने गजर करायचा, दुसऱ्याने त्याला उत्तर द्यायचं, आणि मग कुणी कुणाला हरवलं यावर वाडीत पुढची बारी येईपर्यंत भांडण. आमच्या वाडीला संगीत असंच ऐकायची सवय.

दाजींनी मला येऊन विचारलं, तुम्ही बसणार कसे? मी म्हटलं, दोन व्हायोलिनं एका बाजूला, व्हायोला आणि चेलो दुसऱ्या बाजूला, एकमेकांकडे तोंड करून. दाजींनी मान डोलावली. "म्हणजे दोन हयसर, दोन थयसर. बराबर." मला वाटलं, किती पटकन कळलं यांना.

पूजेच्या दिवशी आम्ही मांगरात शिरलो आणि दाजींना काय कळलं होतं ते मला कळलं. मंचावर दोन वेगळ्या सतरंज्या, एक लाल, एक निळी. दोन माईक. मध्ये वीतभर मोकळी जागा, सीमा आखल्यासारखी. लोकही वाटून बसलेले. लाल सतरंजीपुढे दाजींची माणसं, निळीपुढे महादूची. महादू आमच्या भजनाचा पखवाजवाला, आणि त्याचं नि दाजींचं कुठल्याच बारीवर आजवर एकमत झालेलं नाही.

दाजींनी माईक हातात घेतला. माईक हातात आला की दाजी मालवणी सोडतात. "आता आपल्यासमोर परदेशी वाद्यांची डबलबारी सादर होत आहे. उजव्या बाजूला कौस्तुभ बुवा आणि आपल्या काशीबायची सून योगिनी. डाव्या बाजूला लोबो बुवा आणि किशोरीताई. सामना तोलामोलाचा आहे. मध्ये कोणी उठू नये."

कौस्तुभचा चेहरा पडला. तो मला हळूच म्हणाला की त्यांना सांगूया, हे तसं नसतं. मी सरांकडे पाहिलं. सर चेलोची खुंटी पिळत होते. खाऱ्या वाऱ्याने सकाळपासून तारा उतरत होत्या. त्यांनी मान न उचलता सांगितलं, राहू दे, कान उघडून बसलेत ना, मग कसल्याही समजुतीने बसू देत. आणि दोन्ही सतरंज्यांची टोकं पायाने एकमेकांवर सरकवून ते आपल्या जागी बसले.

आई बायकांच्या रांगेत शेवटी, मांगराच्या खांबाला टेकून बसल्या होत्या. नेसूचं निळं लुगडं, ठेवणीतलं. मांडीवर रिया. रियाला मी मुद्दाम दुपारी झोपवलं नव्हतं, म्हणजे ती आता झोपेल. तिचं डोकं आईंच्या छातीवर कलंडलेलं होतं. मी गज उचलला. चिमट्याशिवाय.

आम्ही वाजवलं ती रचना दोनशे वर्षांपूर्वीची, चार भागांची. पहिला भाग उत्साहाचा. कौस्तुभ सूर लावतो, सर खालून त्याला धरतात, आणि मधल्या दोघी, मी आणि किशोरी, भरत राहतो. दुसऱ्या व्हायोलिनचं काम असंच असतं. चाल क्वचित तुमच्या वाट्याला येते. बाकीचा वेळ तुम्ही चालीच्या खाली चालत असता. मला ते आवडतं. लहानपणी सरांनी विचारलं होतं, पहिलं वाजवशील का, तर मी नको म्हटलं होतं.

पहिला भाग संपला. टाळी नाही. शांतता. शांततेतून महादूचा आवाज आला, "आता उत्तर येऊ दे."

दाजींच्या माणसांनी निळ्या सतरंजीकडे पाहिलं. सर शांतपणे म्हणाले, "येतला. वायच दम धरा." लोक हसले. वेंगुर्ल्याचा माणूस आपलाच, हे त्यांना तेवढ्यात कळलं. मांगर जरा सैलावला.

दुसरा भाग संथ. फार संथ. त्यात पहिलं व्हायोलिन उंचावर एकटंच बोलत असतं, चेलो फार खाली, आणि मधल्या अंतरात मला लांब लांब गजाने स्वर धरून ठेवायचे असतात. ऐकणाऱ्याला वाटतं, ही काही करतच नाही. मी रियाकडे पाहिलं. तिची जागा रिकामी.

ती मंचाच्या पायरीवर होती. झोपेतून उठल्यावर तिचे डोळे जसे होतात तसे, ओले, कुठेच न बघणारे. पायातला एक पैंजण निघून हातात. ती सरळ माझ्याकडे आली, माझ्या उजव्या दंडाला तिने मिठी मारली, आणि गाल टेकवून उभी राहिली. रडली नाही. नुसती टेकली. तिचा गाल गरम होता.

मी थांबले. गज तारेवरून उचलला गेला. दुसरं काही करताच आलं नसतं. तिच्या अंगावर हात ओढून गज चालवायचा कसा. तिघे वाजवत राहिले. थांबायचं नाही, हा आमचा नियम. पण मी प्रथमच ती रचना माझ्याशिवाय ऐकली. कौस्तुभचा सूर वर लोंबकळत होता, सर खाली चाचपडत होते, आणि मध्ये किशोरी एकटीच दोघांना हात पुरवत होती.

किती वेळ गेला ठाऊक नाही. दहा मात्रा, बारा मात्रा. मग निळं लुगडं दिसलं. आई उठल्या होत्या. दाजींनी मध्ये कोणी उठू नये म्हणून सांगितलेलं असताना, दोन्ही बाजूंच्या सगळ्या माणसांसमोरून त्या चालत आल्या, लाल सतरंजीवर पाय ठेवला, रियाची मिठी एकेक बोट करून सोडवली, तिला काखेत घेतलं. आणि मला म्हणाल्या, "वाजव तू."

मी कुठे आहे तेच मला कळेना. सरांनी कागदावर लाल पेन्सिलीने क, ख, ग अशी ओळीने अक्षरं घातलेली असतात, वाट चुकली तर भेटायची ठिकाणं. किशोरी वाजवता वाजवता मोठ्याने म्हणाली, "म." मी म शोधला, श्वास घेतला आणि आत शिरले. सरांनी चेलोवरून डोळे उचलून एकदा पाहिलं. पुढचे दोन भाग कसे गेले ते मला नीट आठवत नाही. चांगले गेले एवढं आठवतं. शेवटच्या भागात आम्ही चौघं एकदम पळतो, आणि त्या पळण्यात एकदा सरांच्या चेलोतला शेंगदाणाही बरोबर समेवर वाजला.

या वेळी टाळ्या पडल्या. आणि मग भांडण सुरू झालं.

शिरा नि चहा वाटत मी माणसांतून फिरत होते, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. महादूचं म्हणणं, बारी लोबो बुवांनी मारली. खालचा आवाज म्हणजे पखवाजच, त्याच्या जिवावर सगळे उभे. दाजी म्हणाले, पहिला शब्द कौस्तुभाचा आणि शेवटचाही त्याचाच. महादू म्हणाला, "शेवटाक सगळीच वाजवत होती. तू तेव्हा शिरो वाढूक उठलंस." भाई गुरुजी, शाळेतून निवृत्त झालेले, म्हणाले की ज्यात ठेका नाही त्याला जिंकणं-हरणं कसलं, सम कुठे आहे तेच कुणाला ठाऊक नाही. यावर महादूने त्यांना आपलं बोट दाखवलं. पूर्ण वेळ ते मांडीवर आपटत होतं म्हणे. दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा धरलं. किशोरी मध्येच म का म्हणाली यावरही दोन तट पडले. दाजींच्या मते निळ्या बाजूने तिथे मध्यम लावून दाखवला, पण तो लागला नाही.

चंद्रावती, आईंच्या बरोबर मासळी सुकवते ती, डोळे पुसत माझ्याजवळ आली. तिला रडू आलं होतं. का आलं ते विचारू नको म्हणाली. आणि तांडेलाचा, म्हणजे होडीच्या म्होरक्याचा, बाबली, जो सगळा वेळ जाळ्याच्या ढिगाला टेकून बसला होता, त्याने मला अगदी मनापासून सांगितलं की आठ दिवसांत पहिल्यांदा त्याला बरी झोप लागली. ही त्याची तारीफ होती. मी त्याला जास्त शिरा वाढला.

मग माझी पाठ वळली आणि तोच बाबली दाजींना म्हणाला, "काशीबायची सून कोरसात होती मां?"

"होय तर," दाजी म्हणाले. "कोरस नाय तर बुवा कसो?"

"पण आयकाक इला नाय."

मी पुढच्या माणसाला चहा दिला. इतकंच. त्यांचं चूक नव्हतं. वाईट याचं वाटलं की ज्या एका माणसाला मला ऐकवायचं होतं, त्या आईंनी तरी मला कुठे ऐकलं असणार. त्यांच्या नजरेसमोर मी केलेली एकच गोष्ट म्हणजे थांबले.

आई दिसत नव्हत्या. दव पडायच्या आत मासळी उचलायला त्या गेल्या होत्या, रियाला घेऊन. घरी गेले तर दोघी जेवत होत्या. मला वाटलं आता बोलतील. त्यांनी मला कालवण वाढलं आणि विचारलं की त्या लोबोंच्या गाडीत एवढी मोठी पेटी राहते कशी. मी सांगितलं, मागची सीट पाडून. "हां," म्हणाल्या. सुदेशने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. रात्रीची डबलबारी ऐकायला सगळे गेले. मी रियाजवळ पडून राहिले, आणि तिच्या केसांतला सुक्या मासळीचा वास घेत विचार करत होते, की नाही म्हणाल्या तर सरांना कोणत्या शब्दांत सांगायचं.

सकाळी रापण ओढायची होती. उजाडायच्या आधीच होडीने समुद्रात मोठा वळसा घालून जाळं टाकलेलं असतं. त्याची दोन टोकं, दोन लांब दोर, पुळणीवर दोन ठिकाणी येतात, आणि दोन्ही दोरांवर माणसांच्या रांगा लागतात. ओढता ओढता दोन्ही रांगा एकमेकींकडे सरकत येतात. बाया, बाप्ये, कोण येईल तो हात लावतो, आणि दोराला हात लावणाऱ्या प्रत्येकाला मासळीत वाटा मिळतो. मी चहाची किटली आणि रियाला घेऊन गेले. आई उत्तरेच्या दोरावर होत्या, पुढे बाबली, मागे चंद्रावती.

"किटली ठेव," त्या म्हणाल्या. "हात लाव."

मी त्यांच्यापुढे शिरले. दोर ओला, थंड, आणि वाटला त्यापेक्षा जिवंत. पलीकडे, जिथे काहीच दिसत नाही, तिथून तो ओढला जात होता. सगळ्यांबरोबर मागे झुकायचं, एक पाऊल, पुन्हा झुकायचं. दोन-चार पावलांत मला ती लय कळली. रिया वाळूत बसून खेकड्याच्या बिळात पैंजण घालून बघत होती.

थोड्या वेळाने बाबलीने विडी पेटवायला दोर सोडला. लगेच माझ्या हातात दोर उतरला. तुटला नाही, सुटला नाही, नुसता पोटात झोळ आल्यासारखा झाला. पुढची माणसं ओढत होती, मागची ओढत होती, पण त्यांचं ओढणं एकमेकांपर्यंत पोचत नव्हतं.

आईंनी कोपराने मला ढोसलं. "कळला?"

मी विचारलं, काय?

"काल तू थांबलंस ना, तेव्हा असाच झाला." त्या धापा टाकत बोलत होत्या, एक पाऊल मागे, एक वाक्य. "तोपर्यंत तू काय करतंस ता माका कळाक नाय. तो कौस्तुभ वरसून बोलता, लोबो खालसून. तू दिसतंस, पण आयकाक येना नाय. मगे चेडू येवन बिलगला, तू थांबलंस, आनी सगळा ढिला पडला. ज्येचा त्येका चललेला. तेव्हा म्हटलंय, ह्या मधी धरून होता."

मी दोर घट्ट धरला.

"बाबल्या, मेल्या, विडी मगे ओढ," त्यांनी पुढे ओरडून सांगितलं आणि पुन्हा माझ्याकडे वळल्या. "दाजी सांगता बारी, बारी. बारी खंयची? बारीत एक गप बसता तेव्हा दुसरो बोलता. ही रापण आसा. दोन बाजू आसत, पण जाळा एकच."

दाजी दक्षिणेच्या दोरावर होते, आता बरेच जवळ आलेले. त्यांनी ऐकलं असावं. त्यांनी महादूला काहीतरी सांगितलं, आणि महादू ओढता ओढता हसला. मग दोघांत नवा वाद सुरू झाला की रापण म्हटली तर तांडेल कोण.

मी म्हटलं, म्हणजे तुम्हाला बरं वाटलं.

"नाय," आई म्हणाल्या. "माका आवडला नाय."

मी मागे वळून पाहिलं. त्या थट्टा करत नव्हत्या.

"ता मधला हळू तर मरणाचा लांब. आनी शेवटाक येवढी घाई कित्याक करतास? कोण पाठी लागलेलो?" एक पाऊल. "नाय आवडला. मी खोटा सांगूचंय नाय."

मी मान खाली घातली आणि ओढत राहिले. अट मला पाठ होती. बरा वाटला तर. त्यांनी ऐकलं होतं, सगळ्या वाडीत कुणी ऐकलं नाही इतकं नीट ऐकलं होतं, आणि त्यांना आवडलं नव्हतं. सरांना सांगायचे शब्द मी पुन्हा जुळवायला लागले.

"गुरवारी गाडी किती वाजता तुझी?"

"दीडची," मी म्हटलं. आणि मग, "पण आई, तुम्हाला आवडलं नाही ना."

"माका मुशी आवडत नाय," त्या म्हणाल्या. "वासान जीव जाता. तरी इकतंय मां? बरी आसा ती बरी आसा. माझ्या जिभेचो तेका काय संबंध?" बाबली परत येऊन दोराला लागला, आणि दोर हातात ताठ झाला. "चेडवाक जेवण घालून जा. झोपवू मात नको. माका कावळे हाकलूक कोण तरी होया."

जाळं किनाऱ्याला लागलं. मासळी फार नव्हती. बांगडे, थोडी तारली, दोन मोठ्या मुश्या. दाजींनी वाटे घातले. आमच्या घराचा एक वाटा नेहमीचा. त्याच्या शेजारी त्यांनी आणखी एक छोटा ढीग लावला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "ह्यो सुनेचो." रियाने त्यातला एक बांगडा शेपटीला धरून उचलला आणि घरापर्यंत सोडला नाही.

पुढचे तीन महिने गुरुवारी आणि शनिवारी मी दीडची गाडी पकडली. पहिल्या दिवशी रिया फाटकापर्यंत रडली. दुसऱ्या दिवशी तिच्या हातात तिच्याहून लांब काठी होती आणि तिला माझ्याकडे बघायला वेळ नव्हता. दुपारचा रियाजही मी चिमटा न लावता करू लागले. आई अंगणातून विचारायच्या, "संपला मां?" हे त्या रोज विचारायच्या. त्यांना ते कधीच आवडलं नाही, आणि मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

फेब्रुवारीत पणजीला वाजवलं. सभागृहात शंभर-दीडशे माणसं, पॉलिश केलेल्या खुर्च्या, टाळ्या बरोबर जागी. नंतर बाहेर कॉफी घेताना एक गृहस्थ सरांना म्हणाले, शेवटचा भाग जरा सावकाश हवा होता. त्यांच्या बायकोला तो अजून वेगाने हवा होता. एक म्हातारे वादक कौस्तुभचा हात बराच वेळ धरून होते, आणि एका मुलीने मला विचारलं की मी स्टेजवर होते का. मी हो म्हटलं. महादू आणि दाजी इथे असते तर त्यांना जागा लगेच ओळखीची वाटली असती.

मग मी कोपऱ्यात जाऊन सुदेशच्या मोबाईलवर फोन लावला. फोन आईंनीच उचलला. सुदेश रियाला भरवत होता, तिचा आवाज मागून येत होता. आई फोनवर नेहमी मोठ्याने बोलतात, समुद्रापलीकडच्या माणसाशी बोलल्यासारख्या. चांगलं झालं का, लोकांना आवडलं का, यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही.

"मधी थांबलंस नाय मां?"

"नाही."

"मगे झाला तर," त्या म्हणाल्या, आणि फोन रियाच्या कानाला लावला.